दिवाण एकटा असतो तेव्हा

दिवाणने आईची कवळी खाल्ली. खाल्ली म्हणजे चघळली, फोडली आणि नको ते तुकडे दाराशी आणून टाकले. संध्याकाळी ऑफिसातून आले, कुलूप काढून दार ढकललं, तर दाराखाली फरशीवर काहीतरी खरखरलं. वाकून पाहिलं तर दात. माझा हात आधी माझ्याच तोंडाकडे गेला. मग तो हिरडीचा गुलाबी तुकडा दिसला, पलीकडे स्टुलावरून पडलेली स्टीलची वाटी दिसली, सांडलेलं पाणी दिसलं, आणि उलगडा झाला. बाई गं! दिवाण आईच्या खाटेखाली बसला होता, कान पाडून, डोळे माझ्याकडे, शेपटीचं नुसतं टोक हलतंय. त्याला सगळं समजत होतं. मी दारातच, चपलाही न काढता, हसायला लागले. दातांनी दात खाल्ले, आता बोला! हसू आवरेना, आणि ते कशाचं हसू आहे तेही कळेना. आई जून महिन्यात गेली आणि हा ऑगस्ट. एवढे दिवस ती कवळी त्या वाटीत होती आणि मी रोज सकाळी तिचं पाणी बदलत होते. कुणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं कोण जाणे. देवाची फुलं बदलावीत, तुळशीला घालावं, तसं वाटीतलं शिळं पाणी मोरीत आणि ताजं वाटीत. वेडेपणा म्हणायचा तर म्हणा. त्या संध्याकाळी फरशी पुसताना एक गोष्ट मात्र पक्की समजली, की उद्या सकाळी मला एक काम कमी आहे.

कवळी ही काही पहिली नव्हे. आधी दाराची चौकट गेली, खालच्या बाजूने, सुतार रंधा मारतो तशी. मग टेलिफोनची वायर, मग आईची काठी, मग माझी ऑफिसची एक चप्पल. एकच, दुसरी त्याने तशीच ठेवली, बहुतेक मला हिणवायला. गोधडी अशी फाडली की घरभर जुन्या लुगड्यांच्या चिंध्या. आणि हे सगळं मी बाहेर असताना. मी घरात असले की हा साधू. माझ्या पायाशी पडून राहील, भाकरीचा तुकडा दिला तर आधी हुंगून परवानगी मागेल. आई होती तेव्हा तर त्याने कागदसुद्धा फाडला नव्हता. पण तेव्हा तो एकटा कधी राहिलाच कुठे? जिन्याखाली कुणीतरी सोडलेलं पिल्लू आईने पदरात घालून वर आणलं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तिचे पाय गेले. ती खाटेवर, हा खाटेखाली. मी दहाच्या सुमाराला सयाजीगंजात ऑफिसला, ते दोघं घरात. नाव तिनेच ठेवलं. माझे पणजोबा म्हणे संस्थानात दिवाणांच्या कचेरीत नकला करायचे, म्हणजे साध्या शब्दांत कारकून, पण आईच्या तोंडी ते प्रकरण दरवर्षी एकेक पायरी वर चढायचं. "आपल्या घराण्यात कुणी दिवाण झालं नाही, निदान कुत्रा तरी होऊ दे," ती म्हणाली होती. घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा! फतेगंजातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटात, रस्त्यावरचं तपकिरी कुत्रं, आणि हाक काय तर दिवाणसाहेब, दूध प्या.

तो नुसतं चावून थांबला असता तर मी आणि माझं सामान, आमचं आम्ही पाहिलं असतं. पण तो रडायचा. हे मला समोरच्या जशोदाबेनकडून कळलं. जिन्याच्या चौकात आमची दारं समोरासमोर. त्या दार उघडं टाकून उंबऱ्यात बसतात, पुढ्यात नेहमी काहीतरी निवडायला. "मालविकाबेन, तमारो कूतरो आखो दिवस रडे छे," त्या एकदा म्हणाल्या, "माणस रडे एम. मारुं तो बीपी वधी जाय छे." माणूस रडावं तसा. हे ऐकून मला राग आला. कसला, तर तो रडतो याचा नव्हे. तो रडतो ते या बाईला रोज ऐकू येतं आणि मला नाही, याचा. मग सोसायटीचे चेअरमन पिलाजीराव वर आले. जुन्या सरदार घराण्यातले, सत्तरी ओलांडलेली, सदऱ्याची इस्त्री मोडेल म्हणून खुर्चीत टेकूनसुद्धा बसत नाहीत. "मालविकाबाई, आम्हाला जनावरांचं वावडं नाही," म्हणाले. "आमच्या थोरल्यांकडे शिकारी कुत्रे होते. पण तक्रारी आल्यात. कोजागिरीला गच्चीवर सगळे जमतील, तोवर बंदोबस्त झाला तर ठीक, नाही तर आमचे मेहुणे मानसिंगराव पादरा गावी असतात. शेत आहे, विहीर आहे, राखणीला कुत्रं हवंच आहे त्यांना." मी विचारलं, मोकळा ठेवतील का? ते खिडकीकडे पाहत म्हणाले, "साखळीला असेल. पण हवा फार चांगली तिकडची." दिवाण तेव्हा त्यांच्या बुटाशी बसला होता आणि त्यांच्याकडे मोठ्या प्रेमाने पाहत होता. मूर्ख कुठला.

म्हणजे कोजागिरीपर्यंत त्याने एकटं राहायला शिकायचं, नाही तर पादऱ्याला साखळी. हे मी पुण्याला सलीलदादाला फोनवर सांगितलं आणि सांगितल्यावर पस्तावले. दादाला प्रत्येक प्रश्नाचं एकच उत्तर माहीत, ते म्हणजे फ्लॅट विक आणि इकडे ये. "अगं, कुत्र्यापायी काय जीव काढतेस? देऊन टाक. तू एकटी बाई, तिकडे आता आहे कोण तुझं?" असं म्हणाला. मागे वहिनी मिक्सर चालवत होती, म्हणून ते त्याला ओरडून म्हणावं लागलं, आणि ओरडून म्हटल्यामुळे जास्तच खरं वाटलं. तिकडे आहे कोण तुझं. फोन ठेवल्यावर मी खोलीत इकडेतिकडे पाहिलं. खाट, स्टूल, रिकामी वाटी, भिंतीवर बाबा, बाबांशेजारी अजून फोटो न लावलेली जागा. खाटेखाली दिवाण. मी ऑफिसातून येते तेव्हा कुलपात किल्ली जायच्या आधी आतून नखं वाजतात. दिवसभरात माझ्या नावाने वाजणारं एवढं एकच. ते बंद झालं तर मी सहा वाजता कुलूप काढीन, दिवा लावीन, भात टाकीन आणि बोलायला तोंड उघडायचं ते थेट दुसऱ्या दिवशी रिक्षावाल्याशी.  नाही, दिवाण जाता कामा नये. मी त्याच्याकडे पाहून मोठ्याने म्हटलं, "मेल्या, शीक काहीतरी." त्याने जांभई दिली.

सल्ल्यांना काही तोटा नाही. ऑफिसातले विश्वंभर म्हणाले, वर्तमानपत्राची गुंडाळी करा आणि दोन ठेवून द्या, खोड जिरते. पण मारायचं कधी? मी येते तेव्हा तर तो काही करत नसतो, आनंदाने नाचत असतो. आनंदाबद्दल मारायचं का? दुसरं कुणी म्हणालं, चौकटीला कडूनिंबाचा रस लावा, तोंड घालणार नाही. सुट्टीच्या दिवशी पाला वाटून, हात हिरवे करून लावला, तर बेट्याने तो चाटून चौकट लख्ख केली. रेडिओ चालू ठेवून पाहिला. त्यावर भाव सांगत होते, कापसाचे आणि एरंडाचे, आणि संध्याकाळी आले तर रेडिओचं कातडी कव्हर गायब. तेव्हा आमच्या ऑफिसातही धाकधूक होती. विम्यात खाजगी कंपन्या येणार, कॉम्प्युटरवर दोन पोरं दहा जणांचं काम करणार, वगैरे. जेवणाच्या सुट्टीत सगळे त्यावर बोलायचे, आणि मी तोंडातला घास फिरवत बसायचे, की आत्ता तो काय फाडत असेल. आईची हिरवी शाल दाराच्या खुंटीवर राहिली का? मी शाल आत ठेवली का? विश्वंभर म्हणायचे, मालविकाबाईंना बघा, जराही काळजी नाही. मी म्हणायचे, हो ना.

शेवटी डॉक्टर मॅकवानकडे गेले. चर्चच्या मागे त्यांचा जनावरांचा दवाखाना, बाहेर एक बकरी, आत एक पोपट, आणि डॉक्टर कायम घाईत. त्यांनी दिवाणचे दात पाहिले, पोट दाबलं, आणि त्याच्याकडे बघत मला विचारलं, "नीकळती वखते तमे शुं करो छो?" निघताना काय करते? मला प्रश्नच कळेना. निघताना माणूस काय करतं? देवाला हात जोडते, पर्स घेते, आणि आईच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणते, येते गं. मग ती म्हणते, ये, जपून. डॉक्टरांनी पोपटाच्या पिंजऱ्यावर फडकं टाकलं. "अने हवे कोण कहे छे, ये?" आता ये कोण म्हणतं? आणि मी अजूनही येते म्हणत होते. तीन महिने रोज सकाळी, रिकाम्या खाटेसमोर उभी राहून, येते गं आई. जन्मभराची सवय, तोंडातून निघून जातं. लहानपणी एकदा शाळेत जाताना चुकून जाते म्हटलं तर आईने जिन्यावरून परत बोलावून पाट मांडून बसवलं होतं, हातावर साखर ठेवली होती आणि नीट येते म्हणवून मगच सोडलं होतं. जाते म्हणायचं नसतं, जाणारे जातात. हे मी डॉक्टरांना कसं सांगणार? ते म्हणाले, "एने बीक लागे छे, बेन. मस्ती नथी करतो." खोड्या नाहीत त्या, भीती आहे. तुम्ही दारात उभ्या राहून बोलता, त्याला समजतं आता दार लागणार. मग तो खाटेकडे बघतो. बघतो ना? मी आठवून पाहिलं. बघत होता. रोज आधी माझ्याकडे आणि मग खाटेकडे, मान वळवून, कान उभे करून. "बस, तो बंद करो. कशुं ज बोलवानुं नहीं. चुपचाप नीकळी जवानुं."

आणखी काय काय सांगितलं त्यांनी. सकाळी त्याला दमेपर्यंत फिरवायचं. चावायला त्याचं स्वतःचं काहीतरी द्यायचं, अलकापुरीत आता कुत्र्यांचं दुकान निघालंय, तिथे चामड्याचं हाड मिळतं, ते फक्त आपण निघताना द्यायचं आणि आलो की काढून घ्यायचं. आणि खोटं खोटं निघायचं. किल्ल्या उचलायच्या आणि परत बसायचं. चपला घालायच्या आणि भाजी चिरायची. दार ओढून बाहेर थांबायचं, तो रडायच्या आत परत यायचं, मग हळूहळू वेळ वाढवायचा. आल्यावरही लाड नाहीत, हाक नाही. रिक्षात दिवाण माझ्या मांडीवर डोकं टाकून बसला होता आणि माझ्या डोक्यात मात्र तो जूनमधला बुधवार सुरू झाला. त्या दिवशी मी येते गं म्हटलं होतं आणि आई म्हणाली होती, "ये. येताना लिंबं आण." आणली होती. संध्याकाळी पिशवी घेऊन आत आले तर ती तशीच पडलेली, कुशीवर, आणि दिवाण खाटेपाशी उभा. बसलेला नाही, उभा. चादरीचं टोक खाली ओढलेलं, ओलं, चघळलेलं, आणि तिच्या पोलक्याची बाहीसुद्धा. आईचे डॉक्टर म्हणाले, दुपारीच गेल्या असाव्यात, झोपेत. माणसं जमली, चादर काढली, ती बाही कुणाच्या लक्षातही आली नाही. माझ्या आली होती, पण मला वाटलं कुत्रं आहे, चावलं असेल. रिक्षा पुलाखालून जाताना मला कळलं की तो तिला उठवत होता. दुपारपासून संध्याकाळपर्यंत, घरात तो आणि ती, आणि ती उठत नाही. आणि त्यानंतर मी रोज सकाळी त्याच खाटेला येते म्हणून, त्याला त्याच खोलीत ठेवून, बाहेरून कुलूप लावत आले होते. मी त्याच्या मानेत बोटं घातली. आई गं, केवढी भीती वाटत असेल रे तुला.

पण न बोलता निघायचं म्हणजे काय असतं ते बाहेरच्या माणसाला नाही कळायचं. आमच्यात न बोलता निघतात ते एकाच घरातून. दुःखाच्या. भेटायला आलेलं माणूस येतो म्हणत नाही, घरचं माणूस या म्हणत नाही. नुसतं उठायचं, चपला शोधायच्या आणि जायचं. त्या तेरा दिवसांत सगळे तसेच गेले. मावश्या, ऑफिसातली माणसं, पिलाजीराव, शेवटी दादा आणि वहिनीसुद्धा, बॅगा उचलून, मान खाली घालून. मी दारात उभी असायचे, चहाचा ट्रे हातात. रडले नाही. सगळे म्हणत होते, मालविका धीराची. धीराची कसली, कामात होते. आणि मनात कुठेतरी असं होतं की हे सगळे चुकीच्या घरी आल्यासारखे वागतायत, एकदा गेले की मी खोलीत जाऊन सांगेन, बघ गं कशी न बोलता जातात. आता डॉक्टर मॅकवान म्हणत होते की मीही तसंच निघायचं, रोज सकाळी, माझ्याच घरातून. पहिल्या दिवशी ओठ दाताखाली धरून निघाले. पर्स उचलली, हाड टाकलं, खोलीच्या दाराकडे पाहिलं नाही. कुलूप लावताना किल्ली हातातून पडली. जिना उतरताना वाटत होतं मागून हाक येणार, परत ये, पाटावर बस.

रोज संध्याकाळी खोट्या निघण्याचा सराव. दार ओढून घ्यायचं आणि वरच्या मजल्याकडे जाणाऱ्या पायरीवर जाऊन बसायचं. त्याचं रडणं मी पहिल्यांदा तिथे ऐकलं. जशोदाबेन म्हणत होत्या ते खरंच होतं, माणसासारखंच. आधी नुसता श्वास, दाराच्या फटीतून, मग नखं, मग तो लांबलचक सूर, चढत जाणारा आणि शेवटी फाटणारा. खरं सांगायचं तर मी लगेच उठायला हवं होतं आणि मी उठले नाही. बसून ऐकत राहिले. या शहरात, या जगात, कुणीतरी माझ्या नावाने इतकं रडतंय! माझ्या वयाच्या बायकांना नवरे असतात, पोरं असतात, त्यांच्यापाठी कुणी असं रडतं का ते माहीत नाही, बहुधा नसावं, ते टीव्ही लावत असतील. मला तो सूर गोड वाटला, आणि असं वाटतं याची लाजही वाटली, आणि दोन्ही एकदमच. मग उठले, दार उघडलं, आणि डॉक्टरांच्या हुकमाप्रमाणे त्याच्याकडे न बघता पाणी प्यायला गेले. तो माझ्या साडीत तोंड खुपसत मागे आला. हाक मारायची नाही, लाड करायचे नाहीत. भांडं अर्धंच पिऊन ओट्यावर ठेवलं.

पायरीवर बसून मला माझं घर नव्याने ऐकू यायला लागलं. घड्याळ किती मोठ्याने चालतं. फ्रिज कसा मध्येच दचकतो. एकदा मी बाहेर बसलेली असताना आत फोन वाजला. वाजत राहिला. दादाच असणार, रविवार होता. मी उठले नाही, कारण दिवाण त्या दिवशी पहिल्यांदा बराच वेळ गप्प होता आणि मला ती शांतता मोडायची नव्हती. फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला, थांबला. मी नसताना घर असं असतं, मी नसल्यावरही असंच असेल, असं मनात आलं आणि मी पदर घट्ट ओढून घेतला. जशोदाबेन समोरून पाहत होत्या. पुढ्यात तुवेरच्या, म्हणजे तुरीच्या, शेंगा. स्वतःच्याच दाराबाहेर रोज संध्याकाळी बसणाऱ्या बाईबद्दल त्यांनी काय ग्रह करून घेतला होता देव जाणे, पण विचारलं नाही. एकदा नुसतं बोटाने माझ्या दाराकडे दाखवलं आणि तोंडावर हात ठेवून डोळ्यांनी विचारलं, गप्प? मी मान हलवली. त्यांनीही हलवली आणि शेंगा सोलू लागल्या.

दसऱ्याच्या सुमाराला तो शिकला. रात्रभर मैदानावर गरब्याचे लाउडस्पीकर आणि सकाळी आम्ही दोघं लष्करी भागातल्या त्या रिकाम्या, झाडांच्या रस्त्याने फिरून दमून यायचो. मी हाड टाकायचे, तो ते घेऊन आईच्या खाटेवर चढायचा. हल्ली तो वरच बसायचा, मी काही म्हणत नव्हते. दार ओढलं तरी आतून फक्त हाड चघळल्याचा आवाज. चौकट तशीच राहिली. शाल खुंटीवर राहिली. एकदा संध्याकाळी आले, कुलपात किल्ली घातली, आणि नखं वाजली नाहीत.  दार ढकलून धावत आत गेले तर स्वारी खाटेवर झोपलेली. एक डोळा उघडून त्याने माझ्याकडे पाहिलं, शेपटी एकदोनदा आपटली, डोळा मिटला. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण मी खुर्चीवर बसले ती अंधार पडेपर्यंत दिवाही न लावता बसून राहिले. त्याला राहता यावं म्हणून मी त्याला माझ्यावाचून राहायला शिकवलं होतं. स्वयंपाकघरात पोहे करून खाल्ले, कोरडे, लिंबाशिवाय. जूनमधली ती लिंबं ओट्यावरच वाळून काळी पडली होती, टाकून दिली, आणि त्यानंतर मी लिंबं आणली नव्हती.

कोजागिरीच्या आदल्या सकाळी पिलाजीराव आले. "आम्ही स्वतः ऐकणार," म्हणाले. "तुम्ही नेहमीसारख्या निघा." मी निघाले. न बोलता, हाड टाकून, कुलूप लावून. ते जिन्यावर कठड्याला धरून उभे होते, आणि आवाज होऊ नये म्हणून त्यांनी बूट काढून हातात घेतले होते. त्यांचा मोजा अंगठ्याशी फाटका होता. मी दुसरीकडे पाहू लागले. कबुतरं घुमत होती, कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या, जशोदाबेन हातातली निवडायची थाळी धरून श्वाससुद्धा हळू घेत होत्या. आत काही नाही.  आत्ता रडला तर उद्या पादरा, पादऱ्याची साखळी. काही नाही. बऱ्याच वेळाने पिलाजीराव कुजबुजले, "आत आहे ना तो?"

"आहे."

"मग गप्प कसा?"

"शिकला."

ते बूट घालायला पायरीवर टेकले. नाडी बांधता बांधता, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आमच्या मंडळी जाऊन चार वर्षं झाली. आम्हाला नाही जमलं अजून." मग उठले, सदरा खाली ओढला. "राहू द्या कुत्रा." दुसऱ्या दिवशी गच्चीवर दूधपौंव्यांचे, दुधात भिजवलेल्या पोह्यांचे, वाडगे फिरले आणि जशोदाबेननी एक वाडगा वेगळा काढून माझ्या हातात दिला, "आ दिवाणभाई माटे." सगळे हसले. मीही हसले. जिंकले होते.

आणि त्यानंतरच्या सकाळी नेहमीसारखी निघाले. दिवाण खाटेवर, हाड दोन पंजांत. मी पर्स उचलली तेव्हा त्याने वर पाहिलं आणि पुन्हा हाडाकडे पाहिलं. खाटेवर फक्त तो होता. मी पहिल्यांदाच नीट पाहिलं, फक्त तोच होता. बाहेर आले, कुलूप लावलं, सवयीने पायरीवर जाऊन बसले आणि कान दिला. काही नाही. आता इथे बसायचं काही कारण उरलं नव्हतं. ऑफिसला उशीर होत होता, उठायला हवं होतं, आणि मला उठताच येईना. आत कुणी माझी वाट पाहत नव्हतं. आत आई नव्हती. ती जूनमध्येच गेली, बुधवारी, दुपारी, आणि मी तिला इतके दिवस त्या खाटेवर एका शब्दाने धरून ठेवलं होतं. आई गेली माझी. मी पदर तोंडात कोंबला, तरी आवाज फुटला, लांबलचक, चढत जाणारा, आणि तो आपला आहे हे कळायलाही मला वेळ लागला.

जशोदाबेन तरातरा बाहेर आल्या. "पाछुं चालु थयुं?" पुन्हा सुरू झालं का म्हणून त्यांनी माझ्या दाराकडे पाहिलं. मग मला पाहिलं. "अरे, आ तो तमे छो," त्या हळूच म्हणाल्या. गुडघ्याला हात लावत माझ्या शेजारी पायरीवर बसल्या.  पाठीवर हात ठेवला, त्या हाताला मेथीचा वास होता. मी रडले. त्या तेरा दिवसांचं, त्यानंतरचं, सगळं रडले. आत दिवाण एकदाच दाराशी आला, फटीतून त्याचा श्वास ऐकू आला, आणि मग तो तिथेच, दाराला पाठ लावून बसल्याचा धप्प आवाज झाला. भुंकला नाही.

"ऑफिस नथी जवुं?" बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं.

मी पदराने तोंड पुसलं, उठले, चपलेत पाय घातला. जन्मात पहिल्यांदा, समजून उमजून म्हटलं, "जाते."

जशोदाबेननी माझं मनगटच धरलं. इतकी वर्षं समोरासमोर राहून मराठी त्यांना सगळं समजतं. "जाते न कहेवाय, बेन," त्या रागावून म्हणाल्या. "सवारना पहोरमां आवुं बोलाय?" आणि मनगट सोडून, उंबऱ्याकडे वळत, आई ये म्हणायची तसं, "आवजो."

मी उतरू लागले. वळून पाहिलं नाही, पाहिलं असतं तर पुन्हा बसले असते. खालच्या वळणावर पोचले तेव्हा वरून त्यांचा आवाज आला, मेथी निवडता निवडता, सहज, "अने मालविकाबेन, वळती वखते लींबु लेता आवजो ने."

येताना लिंबं. मी कठड्याला धरून उभी राहिले. मग वर तोंड करून म्हटलं, "आणते."